राजकीय डॉक्युमेंटरीत मेलोड्रामा कसा वापरायचा

मेलोड्रामा म्हटलं की आपल्याला लगेच ग्लिसरीन आणि सासू-सुनेच्या मालिका आठवतात, पण त्यातलं ‘मेलो’ ग्रीक ‘मेलोस’वरून आलंय, मेलोस म्हणजे गाणं, म्हणजे हे मुळात आपल्या संगीत नाटकाच्या गल्लीतलंच प्रकरण.

पहिलं काम, रडायच्या आधीचं शूट करा. अमेरिकन डॉक्युमेंटरीवाला मायकल मूर, त्याच्या फॅरनहाइट ९/११ मध्ये (२००४) अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातली एक आई आहे, ती आधी दिसते ती घरावर रोज झेंडा लावणारी, पोरं सैन्यात गेली याचा अभिमान असलेली, आणि मग कळतं की मुलगा इराकच्या युद्धात मारला गेला, ती त्याचं शेवटचं पत्र वाचते आणि पुढे व्हाइट हाउसपाशी जाऊन कोसळते. पत्रापासूनच सुरुवात केली असती तर आपण फक्त हळहळलो असतो. झेंडा आधी बघितला म्हणून राग येतो, आणि राजकीय फिल्मला तोच हवा असतो.

त्याच फिल्ममध्ये टॉवरवर विमानं आदळतात तेव्हा पडदा काळा, नुसता आवाज. सगळं दाखवायची खाज आवरा.

आता गाणं. बाहेरून व्हायोलिन आणून चिकटवू नका, जागेवरचं वापरा. आनंद पटवर्धनांची जय भीम कॉम्रेड (२०११) बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी त्यांना आधीच, १९८५ च्या बॉम्बे अवर सिटीसाठी, गाताना शूट केलं होतं! त्यामुळे गेलेला माणूस आपल्यासमोर गातो आणि घशात आवंढा येतो, वरून काही ओतावंच लागत नाही. ही फिल्म व्हायला १४ वर्षं लागली, तेवढा धीर आपल्यात नसतो हे मान्य.

व्हिलनला मात्र कार्टून करू नका, त्याला निवांत बोलू द्या. मूर इथे फार टोमणे मारतो असं माझं मत.

आणि रडणाऱ्या माणसाला कट दाखवून परत विचारा, ठेवू का म्हणून. मी एकदा नाही विचारलं, त्या ताई पुन्हा कधी माझ्याशी बोलल्या नाहीत.

एडिटला बसलात की म्युझिक ट्रॅक म्यूट करून सीन बघा, पडला तर संगीतकाराला फोन करू नका, कॅमेरा घेऊन परत वस्तीत जा.