हॅशचा कोड लिहिलाय? 'एबीसी' पास झालं म्हणून लगेच मर्ज करू नका

शा-२५६ (कुठल्याही मजकुरापासून ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढायची पद्धत) स्वतः लिहायचं, 'एबीसी' टाकायचं, स्टँडर्डमधलं उत्तर जुळलं की झालं टेस्टिंग, असंच बरेच जण करतात. अहो, पण ३ बाइटचा मेसेज एकाच ब्लॉकमध्ये आरामात बसतो, त्यात पॅडिंगचा, म्हणजे ब्लॉक पूर्ण भरायला मागे जोडायच्या बाइटचा, कस लागतच नाही.

ब्लॉक ६४ बाइटचा, त्यात शेवटचे ८ बाइट लांबीचे आणि मेसेजनंतर लगेच १ बाइट ८० हेक्स, म्हणजे ५५ बाइटपर्यंत एका ब्लॉकमध्ये भागतं आणि ५६ झाले की दुसरा ब्लॉक लागतोच. चुका इथेच लपतात. सरळ ० ते २०० बाइटच्या सगळ्या लांब्या लूपमध्ये फिरवा आणि पायथनच्या हॅशलिब या तयार लायब्ररीशी ताडून बघा. अपेक्षित उत्तरं आपल्याच कोडमधून काढून टेस्टमध्ये पेस्ट करायची, हा प्रकार तर कृपया नकोच.

सगळंच चुकतंय? मग आधी टर्मिनलवर मजकूर द्यायला एको कमांड वापरलीय का बघा, ती मागे न्यूलाइन चिकटवते. शा-३ असेल तर पॅडिंगचा बाइट ०६ हवा, जुन्या केचॅकमध्ये (शा-३ ज्यावरून बनलं ती मूळ रचना) तो ०१ होता आणि इथेरियम ही ब्लॉकचेन अजून तोच वापरते. इंग्रजी मजकूर बरोबर येतो पण मराठी टाकला की गडबड, असं सीमध्ये झालं तर बाइट साइन्ड कॅरमध्ये (-१२८ ते १२७ एवढंच मावणारा प्रकार) ठेवलेत का ते तपासा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अपडेट फंक्शनकडे, म्हणजे मेसेज तुकड्यातुकड्यांनी घेणाऱ्या भागाकडे. तोच मेसेज प्रत्येक जागी तोडून दोन तुकड्यांत द्या, रिकामा तुकडाही द्या, हॅश बदलता कामा नये. आणि हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही हं, खुद्द केचॅकच्या टीमच्या कोडमध्ये २०११ पासून एक बग होता, आधी छोटा तुकडा आणि मग ४ जीबीच्या आसपासचा दिला की ३२ बिटची बेरीज ओव्हरफ्लो व्हायची आणि बफरबाहेर लिहिलं जायचं. तो संशोधक निकी मौहा यांना २०२२ मध्ये सापडला, तोवर पायथन आणि पीएचपीमध्येही पोचला होता. नेहमीच्या छोट्या टेस्ट व्हेक्टरमध्ये (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने) असलं काही दिसणारच नाही.

शा-२५६ मध्ये लांबी बिटमध्ये मोजतात, त्यामुळे काउंटर ३२ बिटचा ठेवला तर ५१२ एमबीलाच तो परत शून्यावर येतो. म्हणून ५१२ एमबी आणि ४ जीबीच्या थोड्या पुढची एकेक टेस्ट ठेवा, दर कमिटला नको, रात्रीच्या बिल्डमध्ये चालेल.