आधी गाडी लोटून पाहा

माझं काम गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं. गाडीच्या मागं नायट्रोजनचा डबा, हँडलला पिशवी आणि दर्यापूरच्या आजूबाजूची बारा-पंधरा गावं. लोक डॉक्टर म्हणतात, तेवढाच मान. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतातच. गाडी शंभर सीसीची, 2016 ची, कार्बोरेटरवाली. साठच्या पुढं अ‍ॅव्हरेज देणारी ही गाडी गेल्या दिवाळीनंतर 48 वर येऊन बसली.

पहिली चूक सगळे करतात तीच केली. मिस्त्रीकडं गेलो, त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं आणि म्हणाला, "आता पाहा, पळवा बिनधास्त." दोन किलोमीटर वाढले खरे, पण पिकअप गेला, इंजिन तापायला लागलं. प्लग काढून पाहिला तर पांढराफटक. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असावं. काळं असलं तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरं असलं तर कमी पडतंय, आणि कमी पडलं की इंजिन आतून भाजतं.

रोग सापडला तो एका गोठ्यावर. म्हैस बुजू नये म्हणून इंजिन बंद करून बोळीतून गाडी लोटत नेत होतो. म्हशीचे मालक, सत्तरीचे आजोबा, पाहत उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, खाली गाडी लोटता का भरलेली बैलबंडी? ब्रेक धरून राह्यला तिचा." मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरवलं. एक फेरा पुरा व्हायच्या आधीच थांबलं. ब्रेकचा ड्रम असा तापलेला की हात ठेववेना.

कारण आमच्याच पाण्यात होतं. हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि मी दर रविवारी त्याच पाण्यानं गाडी धूत होतो. मागच्या ड्रममध्ये ब्रेक फाकवणारा कॅम असतो, तो गंजून जाम झाला होता. पेडल सोडलं तरी ब्रेकचे शू पूर्ण मागं येत नव्हते. म्हणजे रोज सत्तर किलोमीटर मी अर्धा ब्रेक दाबून फिरत होतो.

म्हणून हे आधी करा. गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. मागचं चाक हातानं जोरात फिरवा. ते सहज दोन-तीन फेरे घेऊन हळूहळू थांबलं पाहिजे. पुढचं चाक उचलून तसंच पाहा. अडत असेल तर ब्रेक रॉडचा नट थोडा सैल करा. पेडल दोनेक सेंटिमीटर मोकळं दबून मग ब्रेक लागावा. नट सैल करूनही चाक धरत असेल तर चाक खोला, कॅम काढून पॉलिश पेपरनं घासा, थोडंसंच ग्रीस लावा. ग्रीस शूला लागू देऊ नका, नाहीतर गाडी थांबणारच नाही. हातात सवय नसेल तर मिस्त्रीला द्या, पण समोर उभं राहून करून घ्या.

धुणं मी बंद नाही केलं, पाणी बदललं. पावसाळ्यात पत्र्याखाली ड्रम लावून ठेवतो. बोअरचं वापरावंच लागलं तर शेवटच्या दोन बादल्या गोड्या पाण्याच्या. काळी माती मडगार्डात भरून टायरला घासते, ती धुवायची वाट न पाहता बांधावरच पऱ्हाटीच्या काडीनं उकरून काढायची.

चेनही याच खाऱ्या पाण्यानं आकडते. डिझेलात भिजवलेल्या ब्रशनं साफ करा, वाळू द्या, मग 90 नंबरचं गिअर ऑइल. इंजिनचं काढलेलं काळं ऑइल नको, त्यात कचराच असतो. खालच्या बाजूला मधोमध बोट लावून चेन वर-खाली दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. आवळताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरपं बसतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना. माझ्या गाडीच्या स्टिकरवर एकट्यासाठी पुढं 25, मागं 28 पीएसआय आहे; तुमच्या स्टिकरवर असेल ते धरा. पंक्चरवाले अंदाजानं चाळीस ठोकतात. गेजवाला पायपंप घरी घेऊन ठेवला, तो केव्हाच वसूल झाला.

सोयाबीन निघायच्या दिवसांत थ्रेशरच्या धुळीनं एअर फिल्टर भरतो. कागदाचा असेल तर धुवू नका, फुंकूही नका, बदला. फोमचा असेल तर धुता येतो.

आणि मोजा नीट. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर वहीत लिहायचे, अडीचशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर तशीच भरायची. झालेले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, तीन वेळचा पाहा. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक, टाकीत डांबरगोळ्या, कापूर हे सगळं मित्रांनी सांगितलं. वहीत काही दिसलं नाही. डांबरगोळ्या तर गाळ करतात. पहाटे भरलं तर जास्त मिळतं म्हणतात, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं पहाट आणि दुपार सारखीच. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगानं चालवणं मात्र वहीत लगेच दिसतं.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी. जुन्या गाडीचे दोन-तीन किलोमीटर तिथं जातात, ते कोणत्याही स्क्रूनं परत येत नाहीत. त्यात टाकीचं झाकण पावसात नीट लागत नसेल तर रबर बदला. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की खाली बसतं आणि गाडी झटके देते.

कार्बोरेटर पूर्ववत करून घेतला. वहीतले शेवटचे तीन आकडे 59, 61, 60. महिन्याला सात लिटर वाचतात. आजोबांच्या म्हशीचं मात्र जमलं नाही, ती एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. त्या फेऱ्याचं पेट्रोल मी त्यांना लावलं नाही.