गळ्याची सैल कातडी: आधी थर ओळखा, मग उपचार निवडा

गळा सैल दिसायला लागला की माणसं थेट उपचाराचं नाव घेऊन येतात. कुणाला लेझर हवं असतं, कुणाला बोटॉक्स, कुणी ‘ऑपरेशन सोडून काहीही सांगा’ म्हणतं. मी प्लास्टिक सर्जरी विभागात नर्स आहे. डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याशी बोलतात, आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्रही माझ्याच नजरेखाली जाते. म्हणून ठामपणे सांगते: उपचाराचं नाव नंतर घ्या, आधी कुठला थर सैल झालाय ते ओळखा. यातला जवळजवळ प्रत्येक उपचार एखाद्याच थरावर काम करतो. थर चुकला तर पैसे जातात, महिने जातात आणि गळा होता तसाच राहतो.

हनुवटीखाली बाहेरून आत गेलं तर आधी कातडी लागते, मग चरबी, मग प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू. तो छातीच्या वरच्या भागातून निघतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि जबड्याच्या कडेपर्यंत, तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. त्याच्याही आत थोडी चरबी असते आणि जबड्याखाली दोन बाजूंना लाळेच्या ग्रंथी. वय वाढतं तसं कातडीला घट्टपणा देणारं कोलॅजन आणि लवचीकपणा देणारं इलास्टिन घटतं. प्लॅटिस्माच्या मधल्या कडा एकमेकींपासून सुटून उभ्या दोऱ्यांसारख्या पुढे येतात. जबड्याचं हाडही थोडं झिजतं, त्यामुळे कातडीचा आधार कमी होतो. ऊन आणि सिगारेट हे सगळं लवकर घडवून आणतात. भराभर वजन उतरवलेल्यांचा गळा तर तरुणपणीही लोंबतो, कारण चरबी गेली तरी ताणलेली कातडी मागे येईलच असं नाही.

आरशासमोर काय बघायचं

दिवसाउजेडी, खिडकीचा प्रकाश बाजूने पडेल असं बसा. मान सरळ, नजर समोर. आधी कुणाकडून तरी बाजूने फोटो काढून घ्या, फोन हनुवटीच्या उंचीला धरून. वरून काढलेला सेल्फी इथे काही कामाचा नाही. हनुवटीखालची रेघ आणि गळ्याची उभी रेघ यांच्यातला कोन साधारण 105 ते 120 अंश असेल तर गळा रेखीव दिसतो. तुमचा कोन बराच मोकळा असेल तर विशी-पंचविशीतला फोटो शोधून शेजारी ठेवा. तेव्हाही तसाच असेल तर कारण बहुधा वय नाही. हनुवटी मुळात लहान किंवा मागे असू शकते, किंवा गळ्यातलं हायॉइड हे छोटं हाड खाली बसलेलं असू शकतं. अशा गळ्याला कातडी आवळणारी कितीही मशीनं लावली तरी फरक जेमतेम पडतो.

आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हनुवटीखालचा भाग धरा. चिमटीत जाड, मऊ घडी आली तर तिथे चरबी आहे. पातळ घडी आली आणि सोडल्यावर सावकाश जागेवर गेली तर सैलपणा कातडीचा. चिमटी तशीच ठेवून दात घट्ट आवळा आणि ओठांचे कोपरे खाली ओढा, म्हणजे प्लॅटिस्मा ताठ होईल. जाडी चिमटीत राहिली तर चरबी स्नायूच्या बाहेर आहे. ती बोटांतून निसटली तर बरीचशी स्नायूच्या आत आहे. हा फरक फार महत्त्वाचा, कारण चरबी विरघळवणारी इंजेक्शनं, चरबी गोठवणारं थंडाव्याचं मशीन आणि साधं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) हे तिन्ही बाहेरच्या चरबीसाठी आहेत. आतली चरबी काढायची तर स्नायूच्या खाली जावं लागतं, म्हणजे ऑपरेशन.

मग लांब ‘ई’ म्हणा. उभ्या पट्ट्या फक्त तेवढ्यापुरत्या उठतात आणि चेहरा सैल सोडला की जातात, की गप्प बसल्यावरही दिसतात, ते बघा. गळ्यावरच्या आडव्या रेघा वेगळ्या मोजा. त्या कित्येकांना विशीपासूनच असतात आणि त्यांचा इलाजही वेगळा.

शेवटी गळ्यावरून सगळीकडे बोटं फिरवा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सारखा मऊ फुगवटा लागला तर त्या बहुधा खाली उतरलेल्या लाळेच्या ग्रंथी. पण एकाच बाजूला गाठ, वाढत जाणारी सूज, गिळताना अडखळणं किंवा आवाज बसणं असलं काही असेल तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवा आणि आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ‘गळा भरलाय’ म्हणून आलेल्या बाईंची थायरॉइड वाढलेली निघाल्याचं मी पाहिलं आहे.

सुई आणि मशीन

पट्ट्या ‘ई’ म्हटल्यावरच उठत असतील तर बोटॉक्स चांगला. स्नायूची ओढ ढिली होते, दोनेक आठवड्यांत परिणाम पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याच पट्ट्यांसाठी त्याला ऑक्टोबर 2024 मध्ये मान्यता दिली. त्याआधीही कित्येक वर्षं डॉक्टर तो इथे वापरत होतेच. मात्र डोस जास्त झाला किंवा औषध खोल गेलं तर गिळायला त्रास होतो, मान उचलताना जोर लागत नाही. पट्ट्या कायम दिसत असतील आणि त्यांच्यावर कातडी लोंबत असेल तर बोटॉक्सने निराशाच होते.

बाहेरच्या थोड्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक ॲसिडची इंजेक्शनं आहेत. हे ॲसिड आपल्या पित्तात असतंच, चरबीच्या पेशींचं आवरण ते फोडतं. एफडीएची मान्यता 2015 ची. एकेका महिन्याच्या अंतराने जास्तीत जास्त सहा वेळा देतात. सूज चांगलीच येते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात घरी समारंभ असेल तर तारीख पुढे ढकला. सुई जबड्याच्या कडेजवळ गेली तर खालचा ओठ ओढणारी नस दुखावते आणि हसताना तोंड काही आठवडे वाकडं होतं. चरबी गोठवणारं मशीन वेदनेला सोपं, पण क्वचित त्या जागेची चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून घट्ट होते. सही करण्याआधी हे तुम्हाला माहीत असायला हवं. आणि हे दोन्ही उपचार कातडी आवळत नाहीत.

कातडीसाठी उष्णतेची मशीनं. अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरी 1.5, 3 आणि 4.5 मिलिमीटर खोलीवर एकवटतात, तिथले बारीक बिंदू 60 अंशांच्या वर तापतात, कोलॅजन आकसतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवं तयार होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आरशात बघून काही कळत नाही. जबड्याच्या हाडाजवळ ते चांगलं दुखतं, आधी वेदनाशामक मागून घ्या. रेडिओफ्रिक्वेन्सीही उष्णताच देते, कधी वरून, कधी बारीक सुयांमधून. सुयांच्या प्रकारात खोली आणि ताकद चुकली तर भाजणं, डाग, चरबीला खड्डा पडणं हे होऊ शकतं. त्यामुळे मशीन कोण चालवणार, हा प्रश्न मशीनच्या कंपनीपेक्षा मोठा. ज्यांची कातडी किंचित सैल आहे त्यांना या मशीनांचा खरा फायदा होतो. हनुवटीखाली मुठीत येईल इतकी कातडी असेल तर कुणी कितीही सेशनचं पॅकेज दाखवू दे, नाही म्हणा.

लेझरच्या बाबतीत गळा म्हणजे चेहरा नव्हे. भाजलेली कातडी केसांच्या मुळांतून आणि तेलग्रंथींतून नव्याने भरून येते आणि त्या गळ्यावर फार कमी असतात. म्हणून चेहऱ्याला चाललेली ताकद गळ्याला व्रण देऊ शकते. सावळ्या रंगाला काळे डाग पडण्याची भीती वेगळीच. आडव्या रेघांसाठी अगदी पातळ हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, भरतात. गुठळी दिसली तर तो हायल्युरॉनिडेज या विकराच्या इंजेक्शनने विरघळवता येतो. न विरघळणारा फिलर गळ्यात घेऊच नका. कातडी उचलण्यासाठी तिच्याखाली घालतात ते धागे मी सुचवत नाही: पीडीओचे धागे सहाएक महिन्यांत विरघळतात, उचल त्याआधीच उतरते, आणि पातळ कातडीखाली धागा ओढल्याची खळी दिसते ती दिसतेच.

क्रीमने गळा उचलला जात नाही. पोत मात्र सुधारतो. सकाळी एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन कानांच्या मागून कॉलरच्या हाडापर्यंत लावा. रात्री रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या गटातलं क्रीम), तेही आठवड्यातून दोनदाच सुरू करा, कारण गळ्याची कातडी चेहऱ्याच्या आधी लाल होते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नको. प्लॅटिस्मा ताणणारे व्यायामही मी सांगत नाही, पट्ट्या त्याच स्नायूच्या ओढीने उठतात.

ऑपरेशन

कातडीत लवचीकपणा आहे आणि चरबी बाहेरची आहे, अशा माणसाला नुसतं लायपोसक्शन पुरतं. काही मिलिमीटरच्या छिद्रांतून काम होतं. कातडी सैल असताना चरबी काढली तर मात्र गळा आणखी लोंबतो आणि लपलेल्या पट्ट्या उघड्या पडतात.

सुटलेल्या स्नायूसाठी प्लॅटिस्माप्लास्टी. हनुवटीखालच्या घडीत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन दोन्ही कडा मधोमध शिवतात. जोएल फेल्डमन यांनी 1990 मध्ये ही शिवण वरपासून खालपर्यंत सलग घालायची कॉर्सेट पद्धत मांडली, आणि ती आजही वापरात आहे. कातडीही जास्त असेल तर पूर्ण नेकलिफ्ट, म्हणजे स्नायू आवळून जास्तीची कातडीही काढणं. छेद कानाच्या कडेने, मागून केसांच्या रेषेपर्यंत जातो. इथे सर्जनला एक गोष्ट नक्की विचारा: ओढ कशावर देणार? नुसती कातडी ओढून शिवली तर ती पुन्हा ताणते, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि व्रण रुंद होतो. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी चेहऱ्याच्या कातडीखालच्या स्मास या थराचं वर्णन केलं. हा थर गळ्यात प्लॅटिस्माला जोडलेला असतो. तेव्हापासून भार या थरावर द्यायचा आणि कातडी वरून नुसती सैलसर बसवायची, हा चांगल्या सर्जनचा नियम आहे. हनुवटी मागे असेल तर सोबत हनुवटीत इम्प्लांट बसवल्याने कोन जितका सुधारतो तितका नुसत्या कातडीने नाही. वयस्कर पुरुषांना कधीकधी समोरूनच जास्तीची कातडी कापून काढणं सोयीचं पडतं. भूल तेवढ्याच भागाला पुरते, पण व्रण गळ्यावर समोर राहतो.

सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद, नंतरही तेवढेच. व्हेप आणि निकोटिनचा पॅच यांचाही यात समावेश, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेली कातडी रक्ताविना काळी पडते. फेसलिफ्टच्या पेशंटवर 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांत ही कातडी मरण्याची शक्यता सुमारे 12 पट निघाली होती. सर्जनपासून हे लपवू नका, आम्ही रागावत नाही, तारीख पुढे नेतो. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, जे घेता ते सगळं लिहून आणा. हृदयासाठीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन उतरवत असाल तर ते काही महिने एका जागी स्थिर होऊ द्या.

आणि हेही विचारा: रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर मला कोण बघणार?

रक्ताची गाठ साठणं ही या ऑपरेशनची सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत. ती बहुतेक पहिल्या 24 तासांतच होते, आणि पुरुषांत व वाढलेल्या रक्तदाबात अधिक. म्हणून रात्रभर मी बीपी बघते, उलटी आणि खोकला आधीच औषधाने थांबवते, आणि दोन्ही गाल हाताने चाचपते. दुखणं दोन्ही बाजूंना सारखं असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही. एकाच बाजूला दुखणं चढत गेलं, तिथली कातडी घट्ट आणि निळसर झाली, पेशंट विनाकारण बेचैन झाला की मी सर्जनला उठवते. त्याच रात्री घरी सोडलं असेल तर ही नजर तुमच्या सोबतच्या माणसाला ठेवावी लागेल. श्वास कोंडला तर एक मिनिटही थांबायचं नाही.

घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे डोकं उंचावर ठेवून झोपा, पण उशा रचून मान पुढे वाकवू नका. हनुवटी छातीला टेकली की गळ्याचा रक्तपुरवठा आणि सूज उतरणं, दोन्ही अडतं. पाठीपासून उतार द्या, मान सरळ. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धरा. ऑपरेशननंतर हनुवटीखालून बांधतात तो दाबाचा पट्टा सर्जन सांगतील तितकाच घट्ट, कारण जास्त आवळला तर कातडीला इजा होते. कानाजवळचे टाके साधारण आठवड्या-दहा दिवसांत निघतात. काळंनिळं दोनेक आठवडे राहतं आणि उतरत उतरत छातीपर्यंत येतं, घाबरू नका. हनुवटीखाली कडकपणा आणि गाठाळपणा काही महिने लागतो, त्यावरून निकाल ठरवू नका. व्रण वर्षभर बदलत असतो. जखम पूर्ण भरल्यावर त्यावर सिलिकॉन जेल आणि सनस्क्रीन चालू ठेवा.

कानाच्या पाळीजवळ आणि गालाच्या खालच्या भागात बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहतो. तोवर केसांचा ड्रायर थंड हवेवर ठेवा, कारण पाळी भाजली तरी कळत नाही. जड कानातले घालू नका. पुरुषांनी ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक रेझर वापरावा, आणि दाढीची कातडी मागे सरकली असेल तर कानामागेही तो फिरवायची सवय करून घ्यावी.