ॲपमध्ये वहीचं चित्र नको, वहीची सवय आणा

यूआयमध्ये, म्हणजे ॲपच्या स्क्रीनवर जे दिसतं आणि दाबता येतं त्यात, मेटाफर वापरायचा, म्हणजे ओळखीच्या वस्तूचं रूप द्यायचं म्हटलं की सगळे आधी आयकॉन शोधायला बसतात, वही, पाकीट, कपाट वगैरे, आणि तिथेच गाडी घसरते. चित्राचं नंतर बघू. आधी वापरणाऱ्याच्या डोक्यात काय पक्कं बसलंय ते शोधा, म्हणजे मी असं केलं की तसं होणार हा जो त्याचा अंदाज असतो ना, तो.

समजा किराणा दुकानदारासाठी उधारीचं ॲप करताय. त्याला 'कुठलं फीचर हवं' विचारू नका, ते कोणालाच सांगता येत नाही. त्याची वही मागा, मागच्या चार-पाच नोंदी समजावून सांगायला लावा आणि मध्ये मध्ये बोलू नका. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान असेल, ते ठीक, पण चुकलेल्या नोंदीचं तो काय करतो ते नीट बघा. फाडून टाकत नसेल, आडवी रेघ मारत असेल आणि खालचा आकडा तसाच वाचता येत असेल, कारण उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर तेच दाखवायचं असतं. मग तुमच्या ॲपमध्ये डिलीटचं बटण दिलंत तर तुम्ही त्याचा पुरावाच गायब केलात की! नोंद रेघ मारून तिथेच ठेवा, फक्त बेरजेतून काढा. एवढं जमलं तर पिवळसर कागद आणि पान उलटल्याचा आवाज नसला तरी काही अडत नाही.

उलट नुसती नक्कल त्रासच देते. १९९९ च्या क्विकटाइम ४ प्लेअर या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपलने आवाजासाठी खऱ्या रेडिओसारखं अंगठ्याने फिरवायचं चाक दिलं होतं. दिसायला झकास, पण माउसला अंगठा कुठून आणणार? त्यावर भरपूर टीका झाली.

आता एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे खऱ्या जगात काय होतं, दुसरीकडे ॲपमध्ये काय होतं. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण, आणि डेटा किंवा पैसे जाणार असतील तिथे दोन खुणा. ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर फ्लॉपी (फाइली साठवायची जुनी चपटी डिस्क) बाहेर काढायला ती कचरापेटीत ओढून टाकायची! कचरापेटी म्हणजे नष्ट, हे डोक्यात बसलेलं, त्यामुळे सगळं पुसलं जाईल म्हणून लोक घाबरायचे. पुढे मॅक ओएस टेनमध्ये डिस्क ओढायला लागलं की त्या पेटीच्या जागी इजेक्टचं, म्हणजे डिस्क बाहेर काढायचं चिन्ह दिसायला लागलं, तेव्हा कुठे गोंधळ कमी झाला.

आपल्याकडचं यूपीआय घ्या. मनीऑर्डर सही करून घ्यायची, पगाराच्या व्हाउचरवर सही करायची, म्हणजे पैसे घेताना आपण काहीतरी द्यायचं असतं हे जुनं वळण. म्हणूनच मला वाटतं 'पैसे मिळवायला पिन टाका' म्हणणाऱ्या भामट्याचं लोकांना खरं वाटतं, खरं तर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. अशा ठिकाणी बटणावर 'ओके' किंवा 'पुढे' लिहून भागत नाही, 'तुमच्या खात्यातून २,००० रुपये जाणार' असं मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे.

पण मेटाफरच्या आहारीही जाऊ नका. वहीत सर्च नसतो म्हणून ॲपमध्येही नको, हा शुद्ध वेडेपणा. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये बॉब नावाचं सॉफ्टवेअर काढलं, आख्खं घरच, कॅलेंडर हवं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर क्लिक करा वगैरे, आणि पुढच्याच वर्षी गुंडाळलं. सेव्हसाठी फ्लॉपीचं चिन्ह मात्र खुशाल ठेवा, फ्लॉपी न पाहिलेल्या पोरांनाही त्याचा अर्थ कळतो.

शेवटी टेस्ट. दुकानदाराला स्क्रीन दाखवा, हात लावायच्या आधी विचारा 'हे दाबलं तर काय होईल?' आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. उत्तर चुकलं तरी तिथे समजावत बसू नका, बटण बदला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात विचारा, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालंय.