ओळखीचा वाटणारा शब्दच दगा देतो

अवघड इंग्रजी शब्द किती येतात हे तपासायचं तर पर्याय देणाऱ्या चाचण्यांवर विसंबू नका. चारांतून एक निवडताना अंदाजही खपून जातो. त्यापेक्षा जाडजूड शब्दकोश घ्या, कुठलीही वीस पानं उघडा आणि प्रत्येक पानावरचे दोन कमी वापरातले शब्द टिपा. अर्थ झाकून मराठीत लिहा, शिवाय एक इंग्रजी वाक्यही. मग ताडून पाहा.

पूर्ण अनोळखी शब्दांची फारशी चिंता नको, ते आपण शोधतोच. खरी गोची ‘येतो’ असं वाटणाऱ्या शब्दांची. ‘नॉइसम’चा ‘नॉइज’शी काही संबंध नाही, मूळ ‘अ‍ॅनॉय’च्या घरातलं, अर्थ किळसवाणा, बहुधा दुर्गंधीयुक्त. ‘एनर्व्हेट’ म्हणजे तरतरी आणणं नव्हे, उलट गळाठून टाकणं: लॅटिन ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायूबंध, तोच काढून घेतलेला. असे चुकलेले शब्द आधी घोटा.

घोटण्यासाठी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा, पण त्याच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका. गाळलेली जागा असलेलं वाक्य आणि पहिलं अक्षर लिहा. मागे शब्द, अर्थ, मूळ. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. चुकलं की कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. रोज नवे पाचच, नाहीतर महिन्याभरात उजळणीचा ढीग साचतो. गठ्ठा दर वेळी पिसा, कारण क्रम पाठ झाला की शब्द आल्यासारखा भासतो. आणि दिसायला सारखे दोन शब्द एकाच दिवशी घेऊ नका. त्यांची अदलाबदल ठरलेली.