साबण घेताना वेष्टन उलटून काय वाचावं

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ ही अक्षरं वेष्टनाच्या पुढे ठळक छापलेली असतात. आपल्या कामाचा मजकूर मात्र मागे, बारीक टायपात असतो. दुकानात उभ्या उभ्या तेवढा वाचाच, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

आधी घटकांच्या यादीत दोन नावं शोधा: ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही दोन्ही धरून १९ रसायनं घरगुती वापराच्या जंतुनाशक साबणांतून बाद केली. रोजच्या वापराला ती सुरक्षित आहेत आणि साध्या साबणापेक्षा जास्त उपयोगी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. ट्रायक्लोसान जीवाणूंचं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं, पण त्या विकरात बदल झालेले जीवाणू तगतात. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम दिसला. माणसांत तसंच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण फायदाच नसेल तर ते अंगाला रोज कशाला चोळायचं? यादीत ही नावं दिसली तर वडी परत ठेवा.

क्लोरोझायलेनॉल आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड या दुसऱ्या जंतुनाशक रसायनांबद्दलचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला गेला. इसब असलेल्या त्वचेला बेन्झाल्कोनियम झोंबू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

मग टीएफएमचा आकडा बघा. हे साबणातल्या स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. भारतीय मानकांनुसार ‘टॉयलेट सोप’ ग्रेड १ मध्ये ते किमान ७६ टक्के लागतं. ‘बेदिंग बार’ हा वेगळा प्रकार, तिथे ४० टक्क्यांवरही भागतं.

आता धुण्याकडे वळू, कारण खरं काम तिथेच होतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे तेलकट मळ आणि त्यातले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. त्यासाठी वेगळं औषध लागत नाही, वेळ लागतो: २० सेकंद. अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या चोळा. हात कोरडे पुसा. आंघोळीत काख, जांघा आणि पावलं यांना साबण पुरे. अंग कोरडं पडत असेल तर बाकी ठिकाणी नुसतं पाणी चालतं, आणि अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल तेल लावा.

जखमेसाठी किंवा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी जंतुनाशक द्रव सांगितला तर तो जरूर वापरा. ती गरज वेगळी.

पावसाळ्यात एक चूक घरोघरी होते. जांघेत गजकर्ण उठतं आणि माणसं जंतुनाशक साबण आठवडेच्या आठवडे घासत राहतात. गजकर्ण बुरशीमुळे होतं, जीवाणूंवरचं औषध तिथे लागू पडत नाही. घासून घासून कातडी मात्र सोलवटते. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणलं तर चट्टा तेवढ्यापुरता दबतो आणि पुढे पसरतो. तेव्हा ओले कपडे लगेच बदला, टॉवेल वेगळा ठेवा आणि चट्टा लहान असतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.