अकरावी सांभाळून उमेदवारी: पुण्यात कशी जमवावी

पुण्यात इंजिनिअर व्हायचं म्हणणारी मुलं ढिगाने भेटतात, पण भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये शिफ्ट सुरू होताना उभी राहिलेली फार थोडी. सीए, फिजिओथेरपिस्ट, आर्किटेक्ट यांचंही तेच. दहावीनंतर आपण शाखा निवडतो, पण त्या शाखेच्या टोकाला बसलेला माणूस दिवसभर काय करतो हे पाहिलेलं नसतं. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: अकरावीत असताना आठवड्यातून एक अर्धा दिवस, सलग आठ-दहा आठवडे, एखाद्या कामाच्या जागी शिकाऊ म्हणून जायचं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची आणि बारावीपर्यंत सुट्टीत इंटर्नशिप करण्याची कल्पना आहे. आपल्या जिल्ह्यात तर ती जुनीच. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, वीज, शेती आणि घर-आरोग्याची कामं हाताने करतात. ज्युनिअर कॉलेजात मात्र असं काही आयतं मिळेलच असं नाही. मग ते आपणच जमवावं.

आधी वेळ काढा. कॉलेज सकाळचं असेल तर दुपारी दोन ते पाच सोयीचं, नाहीतर शनिवार. क्लास संध्याकाळी असतील तर त्या दिवसाच्या बॅचबद्दल आधीच बोलून घ्या. हजेरी ७५ टक्के लागते, तेव्हा प्रॅक्टिकल किंवा तास बुडवून जायचं नाही. वर्गशिक्षकांना भेटून काय करणार आहात ते सांगा आणि बोनाफाईड मागा. ज्यांनी व्होकेशनल किंवा बायफोकल विषय घेतलेत, त्यांनी त्या विषयाच्या सरांनाच जागा विचारावी. त्यांच्या ओळखी त्याच धंद्यातल्या असतात.

आता जागा. माझं मत स्पष्ट आहे: लहान जागा निवडा. हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत मुलांना गळ्यात पास मिळतो, इमारत दाखवली जाते, एखादं सादरीकरण ऐकायला मिळतं. सहा माणसांच्या ऑफिसात तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी हाक मारतं, "जरा इकडे ये, हे धर." शिकणं तिथे सुरू होतं. पुण्यात अशा जागांना तोटा नाही. भोसरी-चिंचवडची वर्कशॉप्स आहेत, नाना पेठेतली स्पेअर पार्ट्‌सची दुकानं, बुधवार पेठेतले इलेक्ट्रॉनिक्सवाले, अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक आणि वितरक, कसब्यातली तांबट आळी, मार्केट यार्डातले आडते, हडपसरच्या पुढच्या नर्सऱ्या. शिवाय प्रत्येक उपनगरात सीए, वकील, आर्किटेक्ट आणि फिजिओथेरपीची क्लिनिक आहेतच. घरापासून बसने अर्ध्या-पाऊण तासाच्या आतलं पाहा. कात्रजहून चाकणला जाणारं मूल चौथ्या आठवड्यात थांबतं.

ज्यांना संशोधनाची ओढ आहे, त्यांनी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदचा जीएमआरटी, म्हणजे तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण, जरूर पाहावा. तिथे शास्त्रज्ञ स्वतः उभं राहून उत्तरं देतात, आणि पुढे कुणाला भेटायचं तेही तिथेच विचारता येतं.

विचारायला प्रत्यक्ष जा, बोनाफाईड घेऊनच. दुकानात सकाळी उघडल्या उघडल्या नको आणि संध्याकाळच्या गर्दीत तर नकोच. दुपारी तीनच्या सुमारास माणूस बोलायला मोकळा असतो. सीएकडे रिटर्न भरण्याच्या घाईच्या महिन्यांत जाऊ नका. आई-बाबांनी सोबत यावं, पण बोलणं मुलाने किंवा मुलीनेच करावं. फोनवर लिहायचं असेल तर एवढं पुरे:

"नमस्कार सर, मी अकरावी कॉमर्सला आहे. तुमच्या ऑफिसचं काम कसं चालतं ते शिकायचं आहे. दर शनिवारी २ ते ५, आठ आठवडे येऊ शकतो. पगाराची अपेक्षा नाही, सांगाल ते लहान काम करीन. दहा मिनिटं भेटायला कधी येऊ?"

वार, वेळ आणि किती आठवडे हे तिन्ही लिहाच. समोरच्याला भीती असते ती मूल गळ्यात पडेल याची. शेवटची तारीख दिसली की होकार सोपा होतो. चार ठिकाणी नकार येईल असं धरूनच निघा.

कायद्याचा भाग पालकांनी नीट वाचावा. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रियांच्या कामावर ठेवता येत नाही. इतर ठिकाणीही किशोरवयीन मुलांसाठी दिवसाला विश्रांती धरून सहा तासांची मर्यादा आहे, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम द्यायचं नाही. आपण शिकायलाच जात असलो तरी हीच चौकट पाळावी. पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राजवळ बघायलासुद्धा उभं राहू नये. वर्कशॉपमध्ये बंद बूट घाला, ओढणी नको, केस बांधलेले हवेत. पालकांनी पहिल्या दिवशी जागा स्वतः पाहावी, आणि तिथल्या एका जबाबदार माणसाचा नंबर घरी लिहून ठेवावा.

पहिले दोन आठवडे फक्त पाहा आणि विचारा. फोन खिशात. पेशंटचे किंवा अशिलाचे कागद कधीही फोटोत येता कामा नयेत. तिसऱ्या आठवड्यापासून एक ठरावीक लहान काम मागून घ्या, आणि ते कॉलेजातल्या धड्याशी जोडा. हा जोड नसेल तर सगळी धडपड नुसती सहल होते.

उदाहरणार्थ, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण व्हर्नियरने मापं घेतो. त्याचं लघुतम माप, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान अंतर, सहसा ०.१ मिलिमीटर. वर्कशॉपच्या ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर आणि सूट (चालण्याजोगा फरक) अधिक-उणे ०.०२ असते. कॉलेजचा व्हर्नियर तिथे कामाचाच नाही, ०.०१ चा मायक्रोमीटर लागतो. वहीत रीडिंग चुकलं तर खोडून लिहिता येतं, इथे जास्त कापलेला जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला तुकडा, बाद मालाच्या लाल पेटीत जातो. लघुतम माप कशासाठी शिकवतात हे त्या पेटीजवळ उभं राहिल्यावर कळतं. कॉमर्सचंही तसंच. बँक जुळवणी पत्रक पुस्तकात दहा ओळींचं असतं. सीएच्या ऑफिसात पासबुक आणि रोकड वही शेजारी ठेवून न वटलेला चेक स्वतः शोधून काढा, मग ते कायमचं डोक्यात बसेल.

दर आठवड्याला घरी येऊन वहीत चार ओळी लिहा: आज काय पाहिलं, कोणतं काम कंटाळवाणं होतं, ते मला रोज करायला जमेल का, कॉलेजात कुणाला काय विचारायचं आहे. कंटाळ्याची ओळ टाळू नका. वकिलाच्या दिवसात तारखेची वाट पाहणं फार असतं, आर्किटेक्टच्या दिवसात साइटवर गवंड्याशी बोलणं. तेही आवडतंय की नाही, हेच तर शोधायचं आहे.

तीन आठवडे सलग नुसतं पॅकिंग किंवा चहा आणणं चालू असेल तर एकदा नम्रपणे विचारा, "मला अमुक काम शिकता येईल का?" उत्तर टाळाटाळीचं आलं तर आभार मानून निघा. फुकटचा हात म्हणून राबायला मूल पाठवायचं नाही.

आठ आठवड्यांनी हे क्षेत्र नको वाटलं तरी वेळ वाया गेला असं मानू नका. महागडी ॲप्टिट्यूड टेस्ट करूनही एवढी खात्री मिळत नाही. दुसरी जागा अगदी वेगळी घ्या: आधी टेबलावरचं काम पाहिलं असेल तर आता माणसांत किंवा हत्यारांत जा. अकरावीच्या परीक्षेनंतरची उन्हाळी सुट्टी यासाठी उत्तम. तेव्हा तीन आठवडे रोज जाता येतं.

निघताना लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मागा: कोणत्या तारखा आणि कोणतं काम. "उत्तम विद्यार्थी" यापेक्षा "२०० जॉबची मापं तपासली" हे वाक्य पुढे मुलाखतीत जास्त उपयोगी पडतं. बारावीत दिवाळीला थांबा. जानेवारी-फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल्स आणि पाठोपाठ लेखी परीक्षा असते. निकाल लागला की मात्र त्या जागेवर फोन करून सांगा आणि कोणतं कॉलेज घ्यावं हेही त्यांनाच विचारा. रोज नवी मुलं कामावर घेणाऱ्यांना कुठली पोरं तयार होऊन येतात हे चांगलं माहीत असतं.